बाविसावा कप

दोन बॅगा आणि एक गळकी छत्री घेऊन मी ताईच्या दारात उभी राहिले, तेव्हा तिने आधी छत्रीकडे बघितलं. "ती बाहेरच ठेव," म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि रडायचं असेल तर इथेच रडून घे. आतलं पाणी अठरा डिग्रीवर ठेवलंय, ते बिघडायला नको."

पंचवीस वर्षांच्या संसाराचं काय झालं ते सांगत बसत नाही. नवऱ्याने कुलूप बदललं, एवढं पुरे. आईवडील कधीच गेलेले, त्यामुळे माहेर म्हणजे एकतर ताई, नाहीतर दादा. दादा फोनवर म्हणाला होता, "ये की, घर तुझंच आहे," आणि त्याच दमात त्याने विचारलं, "तुला डायपर बदलता येतात ना?" त्याची सासू सहा वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिच्या खोलीबाहेरच्या बोळात एक खाट टाकता येईल, असं त्याने मोजूनही ठेवलं होतं. म्हणून मी ताईकडे आले.

ताईच्या घरी दोन खोल्या. पुढच्या खोलीत ताई राहायची आणि मागच्या खोलीत तिचे ॲक्सोलॉटल. मी आधी कधी बघितले नव्हते. पालीला पाण्यात सोडून, रंग धुऊन काढून, मानेला दोन्ही बाजूंनी तीन-तीन गुलाबी पिसं लावली आणि चेहऱ्यावर कायमचं हसू ठेवलं, तर जे होईल ते. लोक हौसेने घरी पाळतात. ताई त्यांची पैदास करायची आणि पिल्लं हाताएवढी नाही, बोटाएवढी झाली की पाळीव प्राण्यांच्या दुकानात द्यायची. भिंतीला लागून टब, टबांवर पंखा, आणि उन्हाचा ताव वाढला की पाण्यात तरंगायला गोठवलेल्या बाटल्या.

"ते पिसांसारखे कल्ले जन्मभर गळत नाहीत यांचे," ताईने ओळख करून दिली. "वय होतं, मोठे होत नाहीत. तुझं जमेल."

मी सेहेचाळीस वर्षांची आहे. घरात माझं नाव अजून छोटी.

सगळ्यांत मोठ्या टबात वीतभर लांब एक मादी होती. तिला नाव नव्हतं, नुसतंच 'आई' म्हणायचे. सगळी पिल्लं तिचीच. त्यांतलं एखादं वाकड्या पाठीचं निघालं, किंवा खाईना, तर ताई ते गाळणीने उचलून आईच्या टबात सोडायची. आई आपलं-परकं बघत नाही. दोन घासांत काम होतं. ताई याला 'माहेरी पाठवणं' म्हणायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ती विनोद करतेय. विनोदच होता, पण पिल्लू खरं होतं.

मी गेल्यावर आठवड्याभरातच ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. तीन आठवडे वाकायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. नेमकी तेव्हाच बावीस पिल्लं खाणं बदलायच्या वयाला आलेली.

लहानपणी ही पिल्लं फक्त जिवंत किडे खातात. डोळे त्यांना नावापुरते. जे हलतं ते अन्न, जे हलत नाही ते दगड. पण गिऱ्हाइकाला घरात वळवळणारे किडे नको असतात, फ्रिजमध्ये तर नकोच. म्हणून दुकानात द्यायच्या आधी त्यांना कोरड्या खाद्याची गोळी खायला शिकवावं लागतं. गोळी टाकली की तळाशी जाऊन पडते आणि पडून राहते. ती दगड नाही, हे पिल्लाला वासावरून कळायला हवं. आणि वास घ्यायची बुद्धी भुकेशिवाय सुचत नाही.

डोळ्यावर पट्टी बांधून ताईने पलंगावरून नियम सांगितले. एकेका पिल्लाला वेगळा कप, कारण उपाशी पिल्लं एकमेकांचे पाय तोडून खातात. पाय पुन्हा फुटतात, पण दिसायला बरं दिसत नाही. दोन दिवस उपास. तिसऱ्या दिवशी प्रत्येकी एक गोळी. अर्ध्या तासात खाल्ली नाही तर पिचकारीने ओढून मगमध्ये टाकायची, नाहीतर ती भिजून पाणी सडतं. मग पुन्हा उपास. "आणि मध्ये हात घालायचा नाही," ताई म्हणाली. "जमलं तर इथे राहा. मला आता एकटीने झेपत नाही, मागची खोली तुझी. नाही जमलं तर दादा न्यायला येईल. मी त्याला तसं सांगितलंय."

मी पारदर्शक प्लास्टिकचे बावीस कप मांडले, त्यांच्यावर मार्करने आकडे घातले. बाविसाव्या कपात तिपाई होती. भावंडांनी तिचा पुढचा एक पाय खाल्ला होता आणि त्या जागी तांदळाच्या कणीएवढा नवा फुटत होता. तिचं हसू बाकीच्यांपेक्षा किंचित तिरकं होतं, असं मला वाटायचं. तसं काही नसणार.

दोन दिवस उपास झाला. तिसऱ्या दिवशी गोळ्या टाकल्या. कुणीही खाल्ल्या नाहीत. चौथ्या दिवशीही नाहीत. पिल्लं काचेसारखी स्थिर, पोटं आत. माझ्याने बघवेना. शेल्फवर ताईचा लांब चिमटा होता. मी एक गोळी त्याच्या टोकात धरली आणि तिपाईच्या नाकासमोर हळूच थरथरवली.

टप्.

गोळी गेली. मी दुसरी धरली. टप्. तासाभरात बावीसच्या बावीस जेवली.

"खाल्लं का?" पुढच्या खोलीतून ताई.

"सगळ्यांनी."

"इतक्यात?"

"हो."

ताई म्हणाली, "मला शिकवायला आठ दिवस लागतात. तुझ्या हाताला गुण आहे म्हणायचा."

एवढं चांगलं ती माझ्याबद्दल चाळीस वर्षांत बोलली नव्हती. मी ते वाक्य तीन आठवडे पुरवून पुरवून वापरलं. रोज सकाळ-संध्याकाळ बावीस कप, चव्वेचाळीस गोळ्या, चिमटा धरून धरून मनगट सुजलं. दार उघडलं की बावीस चेहरे वर यायचे. मला ते बघून बरं वाटायचं. माझी वाट बघणारं दुसरं कुणी नव्हतंच.

तीन आठवड्यांनी रविवारी दुकानदार आला, तिशीतला, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला. त्याच्या मागोमाग दादाही. "सहज आलो," म्हणाला, पण गाडीची मागची सीट रिकामी करून आला होता. ताईची पट्टी निघाली होती. नव्या डोळ्याने ती सगळं जरा जास्तच निरखून बघत होती.

"टाक एक," ताई म्हणाली. मी चिमटा घेतला.

"तो कशाला?"

मी उत्तर द्यायच्या आत तिने डबीतून चिमूटभर गोळ्या घेतल्या आणि कपांत सोडत गेली. एक, दोन, तीन. गोळ्या तळाशी जाऊन बसल्या. पिल्लं वर आली आणि हसऱ्या तोंडांनी बघत राहिली. गोळीकडे नाही. माझ्या हाताकडे.

पाच मिनिटं झाली. दुकानदाराने या पायावरचं वजन त्या पायावर टाकलं. मला राहवेना. "असं नाही खात ती, थांबा," म्हणून मी चिमट्याने गोळी उचलून हलवली. टप्.

"मावशी," दुकानदार ताईला म्हणाला, "माझ्याकडे दोनशे मासे आहेत. मी यांना एकेक घास भरवत बसू?"

दादा हसला. "अरे, तू पण घाबरतोस काय! एका पिल्लावर एक छोटी फुकट, अशी पाटी लाव."

ताई हसली नाही. तिने माझ्या हातातला चिमटा काढून घेतला, पुसला, चष्म्याच्या केसमध्ये ठेवला आणि केस पर्समध्ये. "तू यांना खायला शिकवलं नाहीस," ती म्हणाली. "तुझी वाट बघायला शिकवलंस."

दुकानदार पुढच्या रविवारी येतो म्हणाला. दादाही म्हणाला, मीही येतो, बॅगा भरून ठेव.

"बावीस कप आहेत," ते गेल्यावर ताई म्हणाली. "बावीसच्या बावीस पिल्लांनी खायला हवं. एक जरी तोंड वर करून बसलं, तरी तू दादाच्या गाडीत."

सोमवारी तिने मागच्या खोलीत दोन खुर्च्या टाकल्या. एकीवर ती, एकीवर मी. गोळ्या टाकायच्या, अर्धा तास बसायचं, पिचकारीने काढायच्या. हात पाण्याजवळ न्यायचा नाही. पिल्लं सारखी वर यायची, माझ्याकडे तोंड करून थांबायची, दमून खाली जायची. मंगळवारी मी म्हटलं, "ताई, एकदाच दे चिमटा. एकदाच. उद्यापासून नाही."

"आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस," ताई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, कपांकडे बघत होती. "तीन दिवस जेवली नाहीस. आईच्या हातानेच जेवायची सवय. सगळ्या बायका मला म्हणाल्या, भरव गं तिला, लेकरू आहे. मी सोळा वर्षांची. मी तरी कुठे मोठी होते? पण भरवलं. बारा वर्षांची होईपर्यंत भरवलं. परीक्षेच्या सकाळी तू तोंड मिटून बसलीस, माझा अर्धा पेपर बुडाला. मग तुला नवरा मिळाला. पंचवीस वर्षं तो चिमटा हलवत होता आणि तू तोंड उघडत होतीस. आता त्याने हात काढून घेतला, तर तू इथे येऊन तोंड वर करून बसलीस."

पंख्याचा आवाज येत होता.

"मग तेव्हाच उपाशी ठेवायचं होतंस," मी म्हटलं.

"हो," ताई म्हणाली. "तीच माझी चूक."

बुधवारी सातव्या कपातलं पिल्लू खाली गेलं, नाक गोळीवर टेकवलं, मागे सरकलं, आणि टप्. मी खुर्चीतून उठलेच. "बस," ताई म्हणाली. मार्कर काढून तिने त्या कपावर आकड्याशेजारी बरोबरची खूण केली. गुरुवारी नऊ खुणा झाल्या. शुक्रवारी एकवीस.

तिपाई तेवढी राहिली. तिचं पोट डोक्यापेक्षा बारीक झालं होतं, कल्ल्यांची टोकं पुढे वळली होती. दोन्ही लक्षणं वाईट. गोळी टाकली की ती तिला ओलांडून वर यायची आणि माझ्याकडे तोंड करून तरंगत राहायची. तिचा नवा पाय आता पुरा झाला होता, चार इवल्या बोटांसकट. उपाशीपोटी कुठून आणला कोण जाणे.

शनिवारी सकाळी ताईला डोळे दाखवायला जायचं होतं. मी बशीत बावीस गोळ्या मोजून घेतल्या, सगळ्या कपांत टाकल्या, तेवढ्यात शेजारच्या बाईने खालून हॉर्न वाजवला. ताईचा हात धरून तिला तीन जिने उतरवलं. पर्स तिने काखेत घट्ट धरली होती. गाडीत बसताना म्हणाली, "पायऱ्या मला दिसतात आता. हात सोड."

परत वर येते तो दादाचा फोन. "उद्या अकराला निघालो की बाराला पोचतो. सासूबाईंना सांगितलंय तू येतेस म्हणून. खूश झाल्या. म्हणजे, तसं तोंड केलं. आणि हे बघ, गादी घेऊन येऊ नकोस, खाटेला प्लास्टिकच लावलंय, पुसायला बरं पडतं."

फोन ठेवून मी मागच्या खोलीत गेले. अर्धा तास उलटून गेला होता. एकवीस कपांत गोळ्या संपलेल्या. मी बाविसाव्या कपासमोर गेले आणि तिपाई वर आली. मी हात डावीकडे नेला, ती डावीकडे वळली. उजवीकडे नेला, उजवीकडे. तेच तिरकं हसू, तेच उघडायला आलेलं तोंड.

मला तिचा राग आला. खरं सांगायचं तर असा राग मला नवऱ्याचाही आला नव्हता. एकवीसजणांना जमतं, तुला काय धाड भरली? सहा दिवस झाले. कुणाची वाट बघतेस? असंही मरणारच आहेस, मग मला कशाला घेऊन मरतेस? हे मी मोठ्याने बोलले की मनात, ते आठवत नाही. मरणार आहे तर झटकन मरू दे, असंही मी स्वतःला सांगितलं, आणि ते मला पटलंसुद्धा. वाईट काम करताना माणसाला किती चटकन पटतं.

शेल्फवर गाळणी होती. मी तिपाईला गाळणीने उचललं आणि आईच्या टबात सोडलं.

आई कोपऱ्यात डोळे उघडे ठेवून बसली होती. तिपाई क्षणभर तळाशी थांबली. ती हलली नसती तर कदाचित आईला कळलंही नसतं. पण माझा हात अजून पाण्यावर होता. तिला तो दिसला आणि ती चारही पाय मारत माझ्याकडे यायला निघाली.

जे हलतं ते अन्न. पहिल्या घासाला शेपटी बाहेर राहिली. दुसऱ्या घासाला तीही नाही.

मी गाळणी धुतली. मग गोळी काढायला पिचकारी घेऊन बाविसाव्या कपाकडे आले, आणि कपात गोळी नव्हती.

पाणी तसंच भरलेलं, स्वच्छ. मी कप उजेडाकडे धरला. तळाशी बोट फिरवलं. बशी बघितली, रिकामी. ओटा, जमीन, गाळणीची जाळी, सगळं बघितलं. पिचकारी सकाळपासून वापरलीच नव्हती. ज्या मगमध्ये न खाल्लेल्या गोळ्या टाकायच्या, तो कोरडा होता. पुन्हा कपात बोट घातलं, जणू गोळी माझ्यावर रुसून कुठे तरी लपली असेल.

मी जिने उतरत होते तेव्हा तिपाईने खाल्लं होतं. मी खोलीत नव्हते म्हणून खाल्लं होतं. आणि मग मी आले, तेव्हा ती वर आली, कारण मी आले होते.

ताई दुपारी परतली. चप्पल काढायच्या आधी मागच्या खोलीत गेली. तिची कपांवरून फिरत जाणारी मान मी दारातून बघत होते. मान शेवटच्या कपापाशी थांबली.

"बाविसावी?"

"माहेरी पाठवली."

ताई आईच्या टबापाशी गेली. बराच वेळ बघत राहिली. आईचं पोट एका बाजूला किंचित फुगलेलं होतं.

"गोळी होती कपात?"

"होती."

"तशीच?"

"भिजली होती. लगदा झाला होता. काढून टाकला."

ताईने शेल्फवरची पिचकारी उचलून बघितली आणि ठेवली. मगमध्ये बघितलं. तो कोरडाच होता, तोही ठेवला. डॉक्टर म्हणाले होते, नवा डोळा छान बसलाय, आता तिला सुईतही दोरा ओवता येईल.

"चहा टाक," ती म्हणाली.

रविवारी एकवीस कपांत एकवीस गोळ्या पडल्या आणि मी भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून उभी राहिले. एकवीस वेळा टप् झालं. कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुकानदार खूश होऊन खोकी भरू लागला. "एक कमी दिसतोय?" त्याने विचारलं.

"तो हिशेबात धरायचा नाही," ताई म्हणाली.

दादाने थोडी कुरकुर केली. सासूबाईंना आता काय सांगू, खाटेला प्लास्टिक लावून बसलोय, असं काहीबाही. ताई त्याला म्हणाली, "प्लास्टिक काढून तू झोप." तो रिकामी सीट घेऊन गेला.

संध्याकाळी मी बॅगा मागच्या खोलीत नेल्या. जागा एकाच ठिकाणी होती, आईच्या टबाला लागून. मी खाट टाकली, चादर घातली. आई टबाच्या कडेला नाक लावून बघत होती, हसत होती. ते हसणं नसतं, तोंडाची ठेवण असते, हे मला आता माहीत आहे.

ताई हातात एक कप घेऊन आली. धुतलेला, पुसलेला, प्लास्टिकचा. तिने तो मोरीच्या कडेला, आरशाखाली ठेवला.

"तुझा दात घासायचा ब्रश इकडेतिकडे पडलेला असतो," ती म्हणाली. "यात ठेवत जा. आता इथेच राहणार आहेस ना."

ती गेल्यावर मी ब्रश घेऊन मोरीपाशी गेले. कपावरचा बावीसचा आकडा तिने पुसला नव्हता. आणि त्याच्या शेजारी, मार्करने, ठळक, नुकतीच केलेली बरोबरची खूण होती.